जंपर लावला की गाडी लगेच चालू, मग नवी बॅटरी असून सेल्फ का फिरत नाही?

नवा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, अजून घेऊ नका, दादा. गॅरेजवाल्याने भाव काढून दिला असेल तरी त्याला चार दिवस थांबायला सांगा. तुम्ही जे लिहिलंय त्यातल्या तीन गोष्टी वाचल्यावर माझं लक्ष सेल्फवर राहिलंच नाही, ते सरळ इंजिनच्या अर्थिंगकडे, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या वायरीकडे गेलं.

तुमची तक्रार अशी. घर चोडणला, नोकरी पणजीत, रोज फेरीबोटीने रायबंदरला उतरायचं. गाडी नऊ वर्षांची, पेट्रोल, गिअर हाताने टाकायचे. जूनपासून सकाळी घरी ती एका चावीत चालू होते, पण फेरीत इंजिन बंद करून पलीकडच्या धक्क्याला लागल्यावर चावी फिरवली की नुसती 'टक' येते आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. बॅटरी नवी घातली. सेल्फ खोलून कार्बन आणि बुश बदलले. आठवडा बरा गेला, परत तेच. दर वेळी कुणाच्या तरी गाडीच्या बॅटरीवरून जंपर (जोडायच्या जाड केबल) लावला की पहिल्या झटक्यात इंजिन उठतं. 'टक' होते तेव्हा हेडलाइट मात्र लख्ख राहतात. वायरमनने मल्टिमीटर लावून अर्थिंग तपासलं, बीप वाजला, म्हणून 'अर्थ ठीक आहे' असं सांगितलं. आणि आता, पात्रांव, सेल्फच बदलूया, असा सल्ला.

जंपर, हेडलाइट आणि बीप, या त्या तीन गोष्टी.

आधी जंपरचं बघू. ज्यांनी तुम्हाला जंपर लावून दिला त्यांनी काळा चिमटा कुठे लावला होता, ते आठवून बघा. जाणती माणसं तो तुमच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावत नाहीत. इंजिनचा हूक, ब्रॅकेट असं काहीतरी जाड, उघडं लोखंड बघून तिथे लावतात, कारण बॅटरीजवळ ठिणगी पडली तर तिच्यातून निघणारा वायू पेट घेऊ शकतो. पद्धत योग्यच आहे. पण तसं केलं की तुमच्या इंजिनाला नकळत दुसरं, चांगलं अर्थिंग मिळतं. परतीचा करंट तुमच्या अर्थिंगच्या सडलेल्या पट्टीऐवजी त्या जाड काळ्या केबलमधून जातो आणि सेल्फ नव्यासारखा फिरतो. बघणाऱ्याला वाटतं बॅटरी कमजोर होती. म्हणूनच तुम्ही बॅटरी बदललीत, आणि तुमच्या जागी दुसरं कुणीही तेच केलं असतं.

सेल्फच्या मागे जाडजूड वायर एकच दिसते, लाल, बॅटरीच्या प्लसवरून आलेली. निगेटिव्हची वायर सेल्फला नसते. त्याचं अंगच निगेटिव्ह असतं. करंट लाल वायरीतून आत जातो, कार्बनमधून आर्मेचर (आतला फिरणारा भाग) फिरवतो, सेल्फच्या बॉडीतून गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगमध्ये (इंजिनला जोडलेल्या कवचात) उतरतो आणि तिथून बॅटरीकडे परततो. आता इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात, आणि रबर करंट नेत नाही. म्हणजे इंजिन ते बॉडी किंवा गिअरबॉक्स ते बॅटरी अशी जी एखाद-दुसरी काळी वायर किंवा तांब्याची विणलेली पट्टी असते, सगळा भार तिच्यावर. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरत असताना १०० ते १५० अँपिअर घेतो, आणि थांबलेल्या इंजिनाला पहिला धक्का देताना क्षणभर त्याच्या दुपटीहून जास्त. डिझेल गाड्यांचा आकडा याच्या बराच वर.

एवढ्या करंटपुढे किती लहानसा अडथळा पुरतो ते बघा. पट्टीच्या लगखाली (टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्याखाली) गंज चढून फक्त ०.०१ ओहम अडथळा तयार झाला असं धरा. १५० अँपिअरला तिथेच १.५ व्होल्ट खाल्ले जातात, आणि त्या एका नटाखाली २२५ वॉट उष्णता होते. बॅटरी स्वतः त्या वेळी साडेदहा-अकरावर उतरलेली असते. लाल बाजूला थोडं जातं. सेल्फच्या वाट्याला नऊच्या आसपास उरतात. थंड, रात्रभर विसावलेल्या सकाळी तेवढ्यावर तो कसाबसा फिरतो. पंधरा मिनिटं गाडी चालवून फेरीत उभी केलीत की बॉनेटखालची उष्णता सेल्फमध्ये शिरते, तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, तो सडलेला जोडही तापलेला असतो, आणि जी थोडी गुंजाईश होती ती संपते. घरी चालू आणि धक्क्यावर बंद, याचं कारण हे.

आता हेडलाइट. त्यांचं अर्थिंग गाडीच्या बॉडीवर असतं, इंजिनावर नव्हे. बॅटरी किंवा तिचं टर्मिनल खराब असतं तर 'टक' होताना हेडलाइटही मरगळले असते, डॅशबोर्ड काळोखा झाला असता. तुमच्याकडे ते लख्ख राहतात, याचा अर्थ बॅटरी ते बॉडी हा रस्ता शाबूत आहे आणि सेल्फ मोठा करंट ओढूच शकत नाहीये. सोलेनॉइडला (सेल्फवरच्या चुंबकी स्विचला) खेचायला थोडासाच करंट लागतो, तेवढा कसाबसा मिळतो, म्हणून 'टक' ऐकू येते. सेल्फचे आतले कॉन्टॅक्ट जळले असले तरी असंच दिसेल, हे मान्य. पण मग जंपर लावून दर वेळी असा फरक पडला नसता. या दोन खुणा एकत्र आल्या म्हणून मी इतक्या ठामपणे लिहितोय.

बीपबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय, कारण या एका चुकीपायी म्हापशात माझ्याकडे दरवर्षी पावसात चांगल्या बॅटऱ्या आणि चांगले सेल्फ बदललेल्या गाड्या येतात. मल्टिमीटर बीप करताना मोजण्यासाठी मिलिअँपिअरभर करंट सोडतो. तांब्याच्या शंभर तारांतली एक शिल्लक असली तरी तेवढा करंट आरामात जातो. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ ओहमच्या आसपास असतो, आणि आपण शोधतोय ०.०१. टेस्ट लॅम्पचंही तसंच. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, तो त्या एका तारेवरही झगझगीत पेटेल. हे जोड भाराखालीच तपासावे लागतात. सेल्फ फिरवायचा आणि त्याच वेळी व्होल्ट बघायचे. याला आम्ही व्होल्टेज ड्रॉप काढणं म्हणतो. साधा चारपाचशे रुपयांचा मीटर त्याला पुरतो.

तुम्ही हे घरी करू शकाल. एक माणूस चावीला, एक मीटरला. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, फॅन आणि बेल्टपासून हात आणि वायरी लांब. इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्यूज बॉक्समधून पेट्रोल पंपाची रिले काढून ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर दाबून धरा. क्लॅम्पवर नको, खुद्द शिशाच्या खांबावर. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग किंवा तेल नसलेल्या जागी, टोचून. आता चावीवाल्याला तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा.

आकडा ०.२ च्या आत राहिला तर अर्थिंग उत्तम. ०.३ पर्यंत मी गाडी सोडून देतो. अर्ध्या व्होल्टवर गेला की दुरुस्ती हवीच. तुमच्याकडे मला एकापेक्षा जास्त दिसेल असं वाटतं. एक खबरदारी घ्या: सेल्फ फिरलाच नाही आणि करंटच वाहिला नाही, तर मीटरही काही दाखवणार नाही. त्या शून्याला 'ठीक' समजू नका. म्हणून गाडी एक चक्कर मारून गरम करा, दोष हजर असताना मोजा, आणि 'टक' होताना आकडा कुठे उडतो तेही बघा. सेल्फ मुळीच न फिरता मीटर चार-पाच व्होल्ट दाखवत असेल तर तिथेच उत्तर मिळालं.

मग प्रोब सरकवत जा. खांब ते क्लॅम्प. क्लॅम्प ते वायरीचं दुसरं टोक. लग ते बोल्ट. बोल्ट ते गिअरबॉक्सचं अंग. ज्या दोन बिंदूंमध्ये व्होल्ट उडी घेतात, दोष त्या दोघांच्या मध्ये. काही गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवरून दोन वायरी निघतात, बारीक बॉडीला आणि जाड गिअरबॉक्सला. काहींत एकच वायर बॉडीला जाते आणि इंजिनासाठी वेगळी पट्टी असते. तुमची कुठल्या प्रकारची आहे ते बॉनेट उघडल्यावर पाच मिनिटांत कळेल, पण पट्टी बघायला खालून टॉर्च मारावा लागेल.

मीटर नसेल तर एक जंपर केबल घ्या, काळी. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनच्या हूकला. दुसरी गाडी नको, लाल केबल नको. गाडी फेरीतून उतरतानाची 'टक' आली की लगेच हे करा. सेल्फ सणसणीत फिरला तर माझा अंदाज खरा. दुरुस्ती होईपर्यंत ही केबल डिकीत ठेवा, धक्क्यावर अडलात तर लावून निघता येईल. पण ती बॉनेटखाली कायमची लावून गाडी हाकू नका. चिमटा निसटून प्लसला किंवा फॅनला लागला तर आगीशी गाठ आहे.

तुमच्या बाबतीत पहिला संशय मी गिअरबॉक्सवरच्या बोल्टवर घेईन. मांडवीचं पाणी रायबंदरला भरतीबरोबर खारं असतं. फेरीच्या उतारावर चाकं ओल्या सिमेंटवरून चढतात, शिंतोडे खाली गिअरबॉक्सपर्यंत पोचतात. तिथे अ‍ॅल्युमिनिअमचं अंग, तांब्याची लग आणि लोखंडी बोल्ट असे तीन धातू एकमेकांना चिकटून बसलेले. मध्ये मिठाचं पाणी आलं की ती एक छोटी बॅटरीच होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनिअम खाल्लं जातं. पांढरी भुकटी दिसेल. तांब्यावर हिरवा थर येतो. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे गाडी शेडमध्ये उभी असली तरी रात्रभर ते काम चालूच राहतं. गोव्यात चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. गोड पाण्याने धुऊन निघेल असं वाटतं, पण जोडाच्या आत गेलेलं मीठ त्याने निघत नाही. किनाऱ्यावरच्या आणि फेरीवरच्या गाड्यांत हा दोष मला आतल्या भागातल्या डिचोली-साखळीकडच्या गाड्यांपेक्षा लवकर दिसतो. तिकडे लाल माती लगभोवती थापून ओल धरते, तो वेगळा त्रास.

दुसरा संशय अंडरकोटिंगवर. पावसाच्या तोंडावर खालून काळं रबरी कोटिंग मारून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. पण कोटिंगवाल्याने पट्टी सोडवून ठेवली असेल आणि नंतर कोटिंगवरच लग बसवून नट आवळला असेल, तर धातूला धातू लागलेलाच नसतो. टिंकरकडून (पत्र्याचं काम करणाऱ्याकडून) रंगून आलेल्या गाडीतही बॉडीवरच्या बिंदूखाली ताजा रंग सापडतो. तुमचा त्रास जूनमध्ये सुरू झालाय. मे महिन्यात गाडीला काय काम झालं, ते आठवा.

तिसरी शक्यता वायरीच्या आत. वरून रबर शाबूत आणि लगजवळ तांबं काळं पडून भुगा झालेलं. वायर वाकवून बघा. लगपाशी ती मऊ लागली किंवा करकरली तर साफसफाई करत बसू नका, बदला.

दुरुस्ती करताना घाई नको. आधी निगेटिव्ह सोडवा आणि सगळं झाल्यावर तोच शेवटी जोडा. प्लस खोलताना पाना बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेला असला तर पाना वितळेल इतका करंट जातो. बॅटरीच्या खांबांवर फुललेली भुकटी कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून धुवा, मग कोरडं करा. गिअरबॉक्सचा बोल्ट काढून अंग, लगच्या दोन्ही बाजू आणि बोल्टचं डोकं पॉलिश पेपरने घासा, चकचकीत होईपर्यंत. नुसता ब्रश मारून काळपटपणा ठेवलात तर दोन महिन्यांत परत याल. सडलेला बोल्ट आणि वॉशर नवा घाला. पाना पक्का आवळा. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा थर द्या, ओल आत जाऊ नये म्हणून. ग्रीस आधी चोपडून त्यावर लग बसवायची सवय काहींना असते, ती मला मान्य नाही.

नवी वायर घ्यायची झाल्यास छोट्या पेट्रोल गाडीला मी २५ चौरस मिलिमीटर तांब्याची वापरतो, डिझेलला ३५ किंवा त्याहून जाड. लग कल्हई केलेली तांब्याची असावी आणि क्रिंपिंगच्या हत्याराने दाबलेली. हातोड्याने ठोकून बसवलेली लग पहिल्या दिवशी बरी वाटते, मग तारांमध्ये पाणी शिरतं. वर गोंदवाली स्लीव्ह चढवून गरम करून घ्या. लांबी थोडी सैल ठेवा. इंजिन माउंटिंगवर हलतं, ताणलेली वायर तुटते. आणि जुनी जागा बरबाद झाली असेल तर जास्तीची एक वायर इंजिनच्या दुसऱ्या बोल्टवरून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणली तरी काही बिघडत नाही. फेरीवर रोज जाणाऱ्या गाडीला मी ती सांगून घालतो. बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवरच छोटा सेन्सर बसवलेली गाडी असेल तर मात्र ही वायर सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला जोडायची, खांबाला नाही, नाहीतर बॅटरीचा हिशोब चुकतो.

हे काम पुढे ढकलू नका, आणि हे केवळ धक्क्यावरच्या खोळंब्यासाठी सांगत नाहीये. पट्टी पुरती तुटली की करंट दुसरी वाट शोधतो. काही वर्षांपूर्वी मोरजीहून एक जुनी गाडी माझ्याकडे आली. तक्रार क्लचची. वर्षात दोन क्लच केबल जड होऊन बदललेल्या. तिसरी काढून पाहिली तर आतलं प्लास्टिक वितळलेलं आणि तार निळी पडलेली. इंजिनची अर्थिंगची पट्टी बोल्टपाशी तुटून लोंबत होती आणि सेल्फचा सगळा करंट क्लचच्या केबलमधून बॉडीला परतत होता. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून धूर येतो तोही याच कारणाने. इंजेक्शनच्या गाड्यांत हा करंट सेन्सरच्या बारीक अर्थवायरीतून जाऊ बघतो, आणि मग कंट्रोल युनिटपर्यंत खर्च पोचतो.

तुमच्या नव्या बॅटरीचंही नुकसान होतंय. बॅटरी चार्ज करणारा ऑल्टरनेटर इंजिनावरच बसलेला, त्याचा परतीचा रस्ताही तोच. हेडलाइट, वायपर, एसी चालू असताना ४० अँपिअर जात असतील आणि जोडात ०.०२ ओहम असतील तर ०.८ व्होल्ट तिथे अडकतात. ऑल्टरनेटर १४.२ देतोय असं त्याच्या अंगावर मोजताना दिसतं, बॅटरीला मिळतात १३.४. ती कधीच पुरती भरत नाही आणि वेळेआधी मरते. इंजिन चालू ठेवून, सगळे दिवे लावून, दोन्ही ठिकाणी मोजून बघा, फरक समोर येईल.

अर्थिंगचा आकडा ०.२ च्या आत आला आणि 'टक' तरीही राहिली, तर लाल बाजू घ्या. बॅटरीचा प्लस खांब ते सेल्फवरचा जाड नट, सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. तेही ठीक असेल तर सोलेनॉइडला चावीकडून येणारी बारीक वायर मोजा, तिथे साडेनऊ-दहा व्होल्ट तरी यायला हवेत. जुन्या गाड्यांत चावीचा स्विच झिजून ते कमी पडतात. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं नाही ना, तेही बघून घ्या, पावसात ते ऊब शोधत बॉनेटखाली येतात. हे सगळं बरोबर आलं, बॅटरी उभ्या गाडीत १२.४ च्या वर आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात नाही असं दिसलं, तरच सेल्फ परत खोला, आणि मग आधी त्याच्या सोलेनॉइडचे तांब्याचे कॉन्टॅक्ट बघा. कार्बन आणि बुश बदलताना ते अनेकदा तसेच राहतात.

दुरुस्तीनंतर गरम गाडीवर पुन्हा तेच मोजमाप घ्या आणि आकडा तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, परत मोजाल तेव्हा तुलनेला तो हाताशी असेल. सुधारणेच्या आधी आणि नंतर किती व्होल्ट आले, आणि दोष नक्की कुठल्या जोडात सापडला, ते मला कळवा.